दोन टाइल्समधला उजेड

आमच्या कारखान्यात लाल माल आत यायचा आणि काळा माल बाहेर जायचा. लाल म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गावाकडच्या भाषेत गेरू. काळा म्हणजे फेराइटची टाइल. शंभर मिलिमीटर लांब, तितकीच रुंद, सहा मिलिमीटरहून जराशी जाड आणि मधोमध स्क्रूसाठी एक भोक. दिसायला काळ्या कडप्प्याच्या तुकड्यासारखी, पण हातात घेतली की आकाराच्या मानाने जड लागणारी. एकेक टाइल सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरायची. रेडिओ लहरी गिळणं हे तिचं काम. भोसरीच्या एमआयडीसीत मी अकरा वर्षं या टाइल्स बनवल्या.

पहिल्या दिवसापासून तो लाल रंग अंगाला चिकटला. नखांच्या कडांत, रुमालावर, वहीच्या पानांवर. आई तुळशीवृंदावनाला लावायला गेरू कालवायची तेव्हा तिच्या बोटांना यायचा, तोच हा रंग. आमचा गेरू मात्र डोंगरातून येत नव्हता. पोलादाच्या कारखान्यात पत्र्यावरचा गंज काढायला पत्रा हायड्रोक्लोरिक आम्लातून फिरवतात. ते वापरलेलं आम्ल उष्ण भट्टीत फवारलं की आम्ल परत मिळतं आणि तळाशी लोहाची बारीक लाल पूड उरते. आमची पोती त्या पुडीची. पत्र्यावरून उतरलेला गंज आमचा कच्चा माल होता, आणि वजनाने बघितलं तर टाइलचा दोन तृतीयांश भाग तोच.

अशी टाइल कुणाला लागते, असं घरचेही विचारायचे. मोटारीतलं इंजिन कंट्रोलर, दवाखान्यातला मॉनिटर, घरातला मिक्सर, ज्यात म्हणून वीज भराभर चालू-बंद होते ते प्रत्येक यंत्र थोड्याफार रेडिओ लहरी बाहेर सोडतं. त्या किती सुटतात हे मोजल्याशिवाय यंत्र बाजारात आणता येत नाही, कारण एकाच्या गोंगाटाने दुसऱ्याचं काम बिघडू शकतं. ही मोजणी साधारणपणे ३० मेगाहर्ट्झपासून पुढे होते. ती उघड्या माळावर करावी तर शहराजवळ माळ शांत नसतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम केंद्रंच बोलत असतात. म्हणून लोखंडी पत्र्याची बंद खोली बांधतात. दार लागलं की मोबाइलची रेंज जाते आणि पाहुण्यांना वाटतं, हे टाइल्समुळे झालं. ते पत्र्याचं काम. पत्रा बाहेरच्या लहरी बाहेर ठेवतो, पण आतल्या लहरी आतच आपटत ठेवतो. रिकाम्या हॉलमध्ये बोललं की आवाज घुमतो, तशी ती खोली घुमते आणि मोजलेला आकडा खरा राहत नाही. तो घुमारा मारायला भिंतींना आणि छताला आमच्या टाइल्स लावायच्या.

हे काम कार्बन भरलेल्या फोमच्या सुळक्यांनीही होतं, पण मोठ्या वारंवारितेला. ३० मेगाहर्ट्झची लहर दहा मीटर लांब असते. तिला सुळक्यांनी पकडायचं तर सुळका किमान तिच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे अडीच मीटरचा हवा. मग खोलीत खोली उरत नाही. तेच काम फेराइट सहा मिलिमीटरमध्ये करतं. नोकरीच्या सुरुवातीला मला हे पटत नव्हतं. दहा मीटरची लहर सहा मिलिमीटरात कशी मावेल?

आमच्या तेव्हाच्या सरांनी मला ते दाव्याच्या उदाहरणाने समजावलं. खुंटीला बांधलेलं दावं दुसऱ्या टोकाने झटकलं तर खुंटीपाशी दावं हलत नाही, पण सगळ्यात जास्त ओढ तिथेच बसते. रेडिओ लहर पत्र्यावर आदळते तेव्हा असंच होतं. तिचा विद्युत भाग पत्र्यापाशी शून्य होतो आणि चुंबकीय भाग तिथेच सगळ्यात जोरात असतो. कार्बन विद्युत भाग खातो, म्हणून त्याला पत्र्यापासून लांब उभं राहावं लागतं. फेराइट चुंबकीय भाग खातं, म्हणून ते पत्र्याला चिकटून बसलं तरी चालतं. लहरीच्या तालावर फेराइटच्या आतले सूक्ष्म चुंबक मागे-पुढे होऊ पाहतात, पण इतक्या वेगाने त्यांना ताल पकडता येत नाही. ते मागे पडतात, आणि त्या मागे पडण्यातच लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. ती उष्णता इतकी कमी असते की भिंतीला हात लावून काही कळत नाही.

ही वस्तू माणसाने बनवायला घेतली त्याला आता नव्वदहून अधिक वर्षं झाली. टोकियोमध्ये योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई या दोघांनी १९३० साली फेराइटचा शोध लावला आणि १९३५ साली त्यावर टीडीके ही कंपनी उभी राहिली. फेराइट असं का वागतं याचं उत्तर फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९४८ साली दिलं आणि पुढे १९७० साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या उत्तरातली एक गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. फेराइटच्या स्फटिकात लोहाचे दोन गट असतात आणि ते रस्सीखेचीसारखे एकमेकांविरुद्ध ओढतात. आम्ही त्यात जस्त घालायचो. जस्ताला स्वतःचं चुंबकत्व नाही. पण ते जाऊन दुबळ्या गटात बसतं आणि तिथल्या लोहाला बलवान गटात ढकलतं. विरोधातली ओढ कमी होते आणि एकूण चुंबकत्व वाढतं. ज्याच्या अंगात ती गोष्टच नाही, त्याने योग्य जागा धरली की सगळ्यांची ताकद वाढते. अर्थात प्रमाण सांभाळायला लागतं. जस्त फार झालं की थोडं तापल्यावरच टाइलचं चुंबकत्व संपतं.

प्रमाण सांभाळणं हा माझा प्रांत होता. लोह, निकेल, जस्त आणि जरासं तांबं. तांब्यामुळे टाइल कमी तापमानाला नीट भाजली जाते. हे सगळं पाण्यासकट बॉल मिलमध्ये जायचं आणि पोलादी गोळ्यांनी तासन्‌तास दळलं जायचं. दळताना गोळेही झिजतात, आणि ती झीज म्हणजे पुन्हा लोहच. म्हणून वजन करतानाच लोह मुद्दाम कमी धरायचं आणि उरलेलं गोळ्यांकडून येऊ द्यायचं. वजनाने नव्हे, पण रेणूंच्या मोजणीने लोहाचं ऑक्साइड अर्ध्याच्या वर गेलं तर टाइलमधून वीज वाहू लागते आणि तिचा गुण जातो. मिलवरचा हेल्पर दर आठवड्याला गोळे तोलून मला आकडा आणून द्यायचा. त्या आकड्यावर पुढच्या आठवड्याचं लोह ठरायचं.

दळलेला माल वाळवून एकदा हलका भाजायचा, पुन्हा दळायचा, त्यात चिकटपणासाठी पीव्हीए घालून स्प्रे ड्रायरमधून काढायचा. रव्यासारखे गोल दाणे पडायचे. ते डायमध्ये भरून हायड्रॉलिक प्रेसखाली दाबले की कच्ची टाइल तयार. ती इतकी नाजूक असायची की प्रेसवरचे दादा ती दोन्ही तळव्यांवर झेलायचे, बोटांनी कधीच उचलायचे नाहीत. पावसाळ्यात दाणे ओल धरायचे आणि डायला चिकटायचे. जुलै-ऑगस्टात आम्ही दाण्यांची पिंपं भट्टीशेजारच्या उबदार बोळात आणून ठेवायचो.

भट्टी लांबलचक होती. एका तोंडाने टाइल्सच्या प्लेटा आत ढकलायच्या, दुसऱ्या तोंडाने बाहेर काढायच्या, मधल्या टप्प्याला बाराशे अंशांच्या वर तापमान. ती रात्री, रविवारी, सणासुदीला अखंड चालायची. कच्ची टाइल सुमारे १२० मिलिमीटरची असायची आणि भाजून निघताना शंभरवर यायची. प्रत्येक बाजू सहाव्या हिश्शाने आक्रसायची. डायमध्ये दाणे जिथे कमी दबले गेले तिथे टाइल जास्त आक्रसायची. त्यामुळे भट्टीतून आलेली टाइल कधीच अगदी चौरस नसायची. म्हणून शेवटी ग्राइंडिंग. हिऱ्याच्या चाकावर चारही कडा घासून शंभर मिलिमीटरला आणायच्या. खंडेनवमीला प्रेस, मिल आणि ग्राइंडर यांना झेंडूच्या माळा घालायचो. भट्टीची माळ तिच्या आचेने संध्याकाळपर्यंत वाळून जायची.

माझी प्रयोगशाळा ग्राइंडिंग विभागापासून दोनशे पावलांवर होती. ही दोनशे पावलं मी उशिरा चालले. जे सांगायचं आहे ते त्याबद्दल आहे.

आम्हाला पहिल्यांदाच एका पूर्ण खोलीचं काम मिळालं होतं. खोली नऊ मीटर लांब, सहा रुंद, सहा उंच. जमीन पत्र्याचीच राहते. चार भिंती आणि छत मिळून २३४ चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरला शंभर टाइल्स. म्हणजे तेवीस हजार चारशे टाइल्स, साडेसात टनांहून जास्त वजन. सात महिने कारखाना त्याच कामावर होता. प्रत्येक घाण्यातले दाणे घेऊन मी त्यांची एक छोटी अंगठी करायची, मोठ्या टाइल्सबरोबरच भाजायची, आणि नेटवर्क अ‍ॅनलायझरला जोडलेल्या नळीत बसवून तपासायची. पडद्यावरची रेघ उणे वीस डेसिबलच्या खाली गेली म्हणजे शंभरातला एकच भाग परत येतोय, नव्याण्णव जिरले. माझी प्रत्येक अंगठी पास झाली. मी त्या सगळ्या रेघा छापून एका फायलीत लावल्या होत्या. ती फाइल मला फार प्रिय होती.

खोली उभी राहिली, मोजणी झाली आणि नापास झाली. एका टोकाला लहर सोडायची, तीन मीटरवर पकडायची, पकडणारा अँटेना एक ते चार मीटर उंचीवर वरखाली फिरवायचा आणि उत्तर गणिताने येणाऱ्या उत्तराशी ताडून बघायचं. फरक चार डेसिबलच्या आत हवा. वरच्या भागात सगळं चांगलं होतं. खाली, ३० ते ६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, रेघ चारच्या बाहेर पडत होती. भिंत लहरी परत पाठवत होती.

पत्रं येऊ लागली, पैसे अडले. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे होत्या, कारण कृती माझी होती. मी फाइल उघडून अंगठ्या दाखवल्या. मग जस्त वाढवून पाहिलं, तांबं कमी केलं, भट्टीचं तापमान दहा अंश चढवलं, दहा अंश उतरवलं. दर वेळी नवी अंगठी पास. दोन महिने असे गेले. रात्री झोपेत ती रेघ दिसायची. मी चुकले नाही याची मला खात्री होती, आणि भिंत चुकत होती हेही तितकंच खरं होतं.

एका संध्याकाळी परत आलेल्या टाइल्सचा एक खोका घेऊन मी ग्राइंडिंगला गेले. तिथे एक काका होते, तीस वर्षं चाकावर काम केलेले. मी त्यांना काय झालं ते सांगायला सुरुवात केली. ते ऐकत ऐकत खोक्यातून दोन टाइल्स काढत होते. त्यांनी त्या कडेला कड लावून जोडल्या आणि दोन्ही हातांनी वर धरून ट्यूबलाइटकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, उजेड येतोय."

मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिलं. दोन काळ्या टाइल्सच्या मध्ये पांढरी बारीक रेघ होती. मध्यावर टाइल्स टेकलेल्या, टोकांकडे उघडत गेलेल्या. काकांनी फिलर गेजची शून्य पॉइंट एकची पात आत सरकवली. ती सहज गेली. त्यांनी आणखी जोड्या धरल्या. बहुतेकींमधून उजेड येत होता.

"हे ड्रॉइंगमध्ये बसतंय," ते म्हणाले. "ड्रॉइंगला दोन दशांशाची सूट आहे. फिक्श्चरची पट्टी झिजलीय हे मी मागे लिहून दिलं होतं. पण मापात येतंय म्हटल्यावर तसंच चालू ठेवलं."

मी परत प्रयोगशाळेत आले आणि कागद घेतला. जे गणित करायला मला पाच मिनिटं लागली ते मी दोन महिने केलं नव्हतं. भिंतीवर लहर येते तेव्हा चुंबकीय रेषा भिंतीला समांतर, एका टाइलमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातात. आमचं फेराइट त्या रेषांना हवेपेक्षा हजारपट सोपी वाट देत होतं. याचा उलटा अर्थ असा, की एक दशांश मिलिमीटर हवा ओलांडणं रेषांना शंभर मिलिमीटर फेराइट ओलांडण्याइतकं जड जातं. म्हणजे प्रत्येक फट ही आणखी एका अख्ख्या टाइलइतकी अडचण होती. केसाच्या जाडीच्या फटीने आमच्या फेराइटचा गुण निम्म्यावर आला होता. दोन दशांश असेल तर तिसऱ्या हिश्शावर.

आणि माझ्या अंगठ्या? अंगठी गोल. तिच्यात चुंबकीय रेषा फिरत फिरत स्वतःलाच येऊन मिळतात. तिच्यात फट नसतेच. मी ज्या वस्तूची परीक्षा घेत होते तिला शेजारीच नव्हता. फाइलमधल्या सगळ्या रेघा खऱ्या होत्या आणि भिंतीबद्दल त्या काहीच सांगत नव्हत्या. टाइल लहर शोषत नाही, भिंत शोषते. आणि भिंत म्हणजे तेवीस हजार टाइल्स नव्हे, तर त्या टाइल्सनी एकमेकींना टेकणं. हे मला त्या रात्री कळलं.

पुढचं काम कष्टाचं होतं, पण आता वाट दिसत होती. झिजलेली पट्टी बदलली. ड्रॉइंगमधली सूट चौथ्या हिश्शावर आणली. नुसत्या व्हर्नियरवर विसंबणं बंद केलं आणि गुण्याने काटकोन तपासणं सुरू झालं. तरीही सगळ्या टाइल्स एकसारख्या होणार नव्हत्या, म्हणून काकांच्याच सांगण्यावरून त्यांचे मापाप्रमाणे पाच गट केले आणि एका खोक्यात एकाच गटाच्या टाइल्स भरल्या. पॅकिंगवरच्या बायकांनी ट्यूबलाइटखाली जोड्या लावण्यात इतका हात बसवला की गेजच्या आधी त्यांचा डोळा सांगायचा. "ही हिच्याजवळ नको, तिच्याजवळ द्या," असं त्या म्हणायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर असायच्या.

आणखी एक गोष्ट जागेवर जाऊन कळली. टाइल्स लावणारी माणसं कुशल होती, पण त्यांचा हात बाथरूमच्या टाइल्सवर बसलेला. तिथे दोन टाइल्समध्ये फट सोडायचीच असते, नंतर ती सिमेंटने भरतात. इथेही ते सवयीने सारखी, सुबक फट सोडत होते. त्यांच्या दृष्टीने ते चांगलं काम होतं. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी खाली बसून त्यांच्यापुढे दोन टाइल्स जोडून धरल्या आणि बॅटरीचा उजेड दाखवला. मुकादमाने माझ्या हातातून त्या घेतल्या, नीट पाहिल्या आणि म्हणाला, "म्हणजे ही भिंत एक दगड व्हायला पाहिजे." मी वर्षभर शोधत होते ते वाक्य त्याने दिलं.

जुन्या टाइल्स काढून दोन भिंती नव्याने लावल्या आणि बाकीच्या ठिकाणी जिथे फटी जास्त तिथल्या बदलल्या. मोजणीच्या दिवशी मी काकांना सोबत नेलं. तीस वर्षांत त्यांनी किती हजार टाइल्सच्या कडा घासल्या असतील, पण लागलेली भिंत त्यांनी कधी पाहिली नव्हती. माल खोक्यातून जायचा आणि त्यांच्यापुरती गोष्ट तिथे संपायची.

जड दार उघडून आम्ही आत गेलो. चारही बाजूंनी काळी भिंत, वर काळं छत. काकांनी चपला बाहेरच काढून ठेवल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. ते काही बोलले नाहीत. भिंतीपाशी गेले, उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख एका टाइलवर टेकवलं आणि आडवं ओढत नेलं. एक जोड, दुसरा जोड, तिसरा. खोलीच्या कोपऱ्यापर्यंत ते तसेच चालत गेले. मी अँटेनापाशी उभी राहून बघत होते. मोजणी अजून सुरू व्हायची होती.

कोपऱ्यातून ते माझ्याकडे वळले. "नख अडकत नाही, मॅडम," ते म्हणाले.

मग आम्ही बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. तासाभराने पडद्यावरची रेघ ३० मेगाहर्ट्झपासून शेवटपर्यंत चारच्या आत होती. सगळ्यांनी ती पाहिली. काकांनी एकदा पाहिली आणि रुमालाने हात पुसले. रुमालावर लाल काही नव्हतं. त्यांच्या विभागात येईपर्यंत माल काळाच झालेला असायचा.